थामोरा काही एका तासात होत नाही

पहिला दिवस, मंगळवार

लेक माद्रिदला नोकरीला लागली तेव्हापासून तिचं "आई-बाबा, या ना" चालू होतं. एकदाचे गेलो, तर तिनं बार्सिलोना, सेविया, ग्रनादा अशी भलीमोठी यादी पुढे ठेवली. मी म्हटलं, बाई गं, गर्दी नको. उभी हयात डोंबिवलीहून सीएसटीची लोकल पकडण्यात गेली, आता गर्दी बघायला विमानाचं तिकीट कशाला काढू? मला दगडी काम बघायचंय. बांधकाम खात्यात नोकरी केली, पण हातून झालं ते सगळं सिमेंटचं. अंबरनाथच्या शिवमंदिराला वर्षातून एकदा तरी जाऊन हात लावून यायचो, तेवढीच दगडाशी ओळख.

"मग थामोरा," ती म्हणाली. नकाशावर मी झामोरा वाचलं होतं. स्पेनमध्ये त्या अक्षराचा थ होतो. आंदालुसियातल्या बऱ्याच गावांत आणि पलीकडे दक्षिण अमेरिकेत सामोरा म्हणतात म्हणे. तेच बरं होतं, आपल्या भाषेत निदान काही अर्थ तरी लागला असता.

माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनवरून वेगवान गाडीनं साधारण सव्वा-दीड तास. डोंगरातला लांबलचक बोगदा संपला की पुढे सगळं सपाट, मे महिन्यातला हिरवा गहू आणि मधूनच एखादं मातीच्या रंगाचं खेडं. थामोराचं स्टेशन बघून वाटलं, चुकून कुणाच्या राजवाड्यात उतरलो की काय. वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या डोंबिवलीचा एखादा कोपरा भरेल एवढी, आणि स्टेशनला नक्षीदार मनोरे!

दुएरो नदीच्या काठच्या लांबट खडकावर जुनं गाव बसलंय. बाराव्या-तेराव्या शतकातली वीसहून जास्त चर्च या एवढ्याशा गावात आहेत, सगळी रोमनेस्क शैलीतली, म्हणजे गॉथिकच्या टोकदार कमानी सर्रास होण्याआधीची. जाड भिंती, अर्धगोल कमानी, लहान खिडक्या. त्या काळात प्रत्येक मोहल्ल्याला आपलं चर्च हवं होतं, आणि नंतरच्या शतकांत ती पाडून नवी बांधण्याइतका पैसा गावात आला नाही. गरिबीनं जपलेलं गाव आहे हे. श्रीमंती आली असती तर यातली निम्मी चर्च नंतरच्या भपकेबाज बरोक शैलीच्या सोन्याखाली गेली असती.

संध्याकाळी सांता क्लारा या पायी फिरायच्या रस्त्यावर गेलो. दोन्ही बाजूंना कपड्यांची, चपलांची दुकानं, आणि मध्येच बाराव्या शतकातलं सांतियागो देल बुर्गो. त्याच्या दक्षिणेच्या दारापाशी माझे पाय थबकले. मोठ्या कमानीच्या आत दोन छोट्या कमानी शेजारी शेजारी, आणि त्या जिथे मिळतात तिथे खांबच नाही! कोरीव स्तंभशीर्ष तेवढं आहे, पण त्याच्याखाली हवा. भार सगळा वरच्या मोठ्या कमानीनं घेतलाय आणि मधला दगड वरून लोंबतोय. आठशे वर्षं! माझ्या हाताखालच्या एखाद्या कंत्राटदारानं असा नकाशा आणला असता तर मी त्याला चहासुद्धा न पाजता परत पाठवला असता.

"अहो, चला आता, लोक बघताहेत," ही म्हणाली. मी कमानीखाली मान वर करून उभा होतो आणि लोकांना आत जाता येत नव्हतं.

रात्री साडेनऊला उजेड होता. इथल्या बारमध्ये मांसाच्या तुकड्यांच्या सळया भाजून देतात, आणि मागायची रीत मजेशीर आहे: "उनो के सी, उनो के नो". एक हो, एक नाही. हो म्हणजे तिखट, नाही म्हणजे बिनतिखट. आम्ही अर्थातच सगळ्या "हो" मागवल्या. तिखट म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं, पण लेकीनं डोळे वटारल्यामुळे गप्प बसलो.

दुसरा दिवस, बुधवार

आजचा दिवस कॅथेड्रलचा.

गावाच्या पश्चिम टोकाला, खडक संपतो तिथे ते आहे. लांबून दिसतो तो चौकोनी, किल्ल्याच्या बुरुजासारखा जाडजूड मनोरा, आणि त्याच्या शेजारी तो घुमट. या घुमटाची चित्रं पाहून आलो होतो, तरी समोर पाहिल्यावर हसूच आलं. दगडी खवले! छपरावर कौलं असावीत तसे एकावर एक बसवलेले अर्धगोल दगडी खवले आणि मधून काट्यासारख्या उभ्या धारा. कोकणातलं खवलेमांजर अंग चोरून बसलं तर असंच दिसेल. चार कोपऱ्यांवर चार छोटे मनोरे, त्यांनाही तसेच खवले. युरोपच्या या टोकाला ही कल्पना आली कुठून यावर विद्वानांचा वाद आहे. बहुतेक जण बायझंटाईन पूर्वेकडे बोट दाखवतात. सालामान्काच्या जुन्या कॅथेड्रलचा आणि तोरोच्या चर्चचा घुमट याच घराण्यातले, पण थामोराचा त्यांच्या आधीचा.

बांधकाम ११५१ ते ११७४. तेवीस वर्षांत मुख्य काम उरकलं, म्हणजे त्या काळाच्या मानानं झपाट्यानंच.

आत गेल्यावर घुमटाच्या बरोबर खाली मान मोडेस्तोवर उभा राहिलो. आतून तो सोललेल्या संत्र्यासारखा दिसतो, सोळा फोडी आणि खाली सोळा खिडक्या. चौकोनी जागेवर गोल बसवायचा तर चार कोपऱ्यांत वळणदार त्रिकोण भरावे लागतात, ते इथे असे सफाईनं भरलेत की दरजा शोधाव्या लागतात. पण माझा प्रश्न वेगळा होता. खिडक्यांनी पोखरलेल्या एवढ्या गोलावर घुमट ठेवला तर तो खालून बाहेर फाकायला बघणार. मग त्याला धरलंय कुणी? बाहेर येऊन परत पाहिलं, तेव्हा ते चार छोटे मनोरे कळले. शोभेचे वाटतात, पण ते आपल्या वजनानं कोपरे दाबून धरतात. मला तरी तसंच दिसलं. हे हिला आणि लेकीला समजावून सांगायला मी पावतीच्या मागे आकृती काढली. दोघींनी ऐकलं. नंतर लेक आईला हळूच म्हणाली, "बाबा किती दिवसांनी एवढं बोलले."

मधल्या गायकवृंदाच्या जागी कोरीव लाकडी आसनांच्या रांगा आहेत, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, हुआन दे ब्रुसेलासच्या हातच्या. वरच्या अंगाला संत आणि पैगंबर, अगदी सात्त्विक. खालच्या अंगाला, पाद्री बसल्यावर झाकलं जाईल अशा जागी, सुताराच्या मनातला सगळा वात्रटपणा: भिक्षू आणि जोगिणी यांची टिंगल, जनावरांची सोंगं. आपल्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर जे उघड्यावर असतं ते इथे बसायच्या जागेखाली लपवलंय.

संग्रहालयात पंधराव्या शतकातले ट्रॉयच्या युद्धाचे फ्लेमिश भिंतपडदे आहेत. भिंतभर माणसं, घोडे, भाले, आणि त्या गर्दीत कोण कोणाला मारतंय ते शोधण्यात अर्धा तास सहज जातो. ट्रॉयचे वीर अंगावर पंधराव्या शतकातली चिलखतं घालून लढतात. पैठणच्या चित्रकथीत रावण जसा पेशवाईतला दिसतो तसंच.

कॅथेड्रलच्या मागे किल्ला. आता आत बाग आहे, भिंतींवरून नदी दिसते. तिथून तटाच्या कडेनं थोडं गेलं की एक छोटा दरवाजा लागतो आणि थामोराची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट सुरू होते.

राजा पहिला फेर्नान्दो मरताना त्यानं पाच मुलांत राज्याची वाटणी केली. थोरल्या सांचोला कास्तिया, आल्फोन्सोला लेओन, गार्सियाला गालिसिया, आणि मुलींपैकी उर्राकाला थामोरा, एल्विराला तोरो. वाटण्यांचं जे होतं तेच झालं. सांचोनं दोन्ही भावांची राज्यं घेतली आणि १०७२मध्ये बहिणीच्या गावाला वेढा घातला. सात महिने गाव हटलं नाही. "नो से गानो थामोरा एन उना ओरा", थामोरा काही एका तासात जिंकलं नाही, ही म्हण स्पेनमध्ये अजून चालते. शेवटी बेयिदो दोल्फोस नावाचा एक सरदार गावातून फितूर होऊन आल्याचं सोंग घेऊन सांचोकडे गेला, तटातली कच्ची जागा दाखवतो म्हणून त्याला एकट्याला बाहेर काढलं आणि भाला खुपसला. सांचोचा सरदार एल सिद मागे लागला, पण घाईत टाचेच्या आरा बांधायच्या राहिल्या होत्या म्हणून घोडा पळेना, आणि बेयिदो याच दरवाज्यातून आत सटकला, असं पोवाडे सांगतात.

शतकानुशतकं या दरवाज्याचं नाव होतं गद्दारीची खिडकी. कास्तियाच्या पोवाड्यांत बेयिदो म्हणजे आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हटल्यावर जो अर्थ लागतो तो. पण थामोराच्या लोकांचं म्हणणं, आमचं गाव वाचवणारा गद्दार कसा? काही वर्षांपूर्वी त्यांनी पाटी बदलली. आता ही निष्ठेची खिडकी आहे. दरवाजा तोच, चार माणसं एका वेळी जेमतेम जातील एवढाच.

दुपारी पायरीवर बसून लेक मोबाईलवर काहीतरी वाचत होती. एकदम म्हणाली, "आई, तुझ्या गोव्याचं इथं काहीतरी आहे."

हिचं माहेर मडगावचं. गोष्ट अशी, की ५ ऑक्टोबर ११४३ रोजी याच गावात लेओनचा राजा सातवा आल्फोन्सो आणि त्याचा मावसभाऊ आफोन्सो हेन्रिकेस यांच्यात तह झाला. आल्फोन्सोनं मावसभावाला राजा म्हणून मानलं आणि पोर्तुगाल वेगळं राज्य झालं. पोपनं शिक्कामोर्तब केलं ते ११७९मध्ये. आज उभं असलेलं कॅथेड्रल तहाच्या वेळी नव्हतं, त्याचं काम आठ वर्षांनी निघालं. पण गाव हेच, खडक हाच.

ही जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इथे दोघा मावसभावांचं जमलं नसतं, तर आमच्याकडे पाव आला असता का?"

१५१० ते १९६१ एवढा सगळा पसारा तिनं एका पावात बसवला.

तिसरा दिवस, गुरुवार

आज नुसती चर्च. लेकीनं यादी केली होती, सकाळी चार, दुपारी चार. मी मनातल्या मनात म्हटलं, एका तासात थामोरा जिंकायला निघालीय पोरगी.

पहिलंच सांता मारिया माग्दालेना, जुन्या गावाच्या लांब गल्लीवर, आणि तिथेच पाऊण तास गेला. दक्षिणेचं दार म्हणजे एकात एक शिरत गेलेल्या कमानी, आणि त्यांवर पानंच पानं. खोल कोरलेली, एकाही पानाची शेजारच्या पानाशी पूर्ण जोडी नाही. रस्त्यातच असल्यामुळे शाळेतून सुटलेली पोरं त्या खांबांना पाठ टेकून वेफर्स खात होती, आणि कुणी त्यांना हटकत नव्हतं.

आत उंच, मोकळं, ओकंबोकं. "आमच्याकडची चर्च बाहेरून पांढरीशुभ्र, आत सोनंच सोनं," ही कुजबुजली. "इथे पाद्रीबाबांनी सामान हलवलंय की काय?" हे तिचं म्हणणं मला पुढचे दोन दिवस आठवत राहिलं. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आपण देव बघायला जातो, इथे भिंत बघायला.

आणि त्या भिंतीलगत ती बाई आहे. एका दगडी छत्रीखाली पलंगावर निजलेली एक स्त्री. तिच्या वर दोन देवदूत तिचा आत्मा कापडाच्या झोळीतून वर नेताहेत. छत्री पेलणाऱ्या खांबांवर पंखवाले, माना वेळावलेले विचित्र प्राणी. कबर कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही. नाव नाही, लेख नाही. कुणी राणी म्हणतं, कुणी सरदारीण. एवढी महाग कबर बांधणाऱ्यानं नाव कोरायला दोन ओळींची जागा ठेवली नाही, किंवा त्याला वाटलं असेल, हिला कोण विसरणार?

तिथल्या काचेच्या खोक्यात नाणं टाकलं की आतला दिवा लागतो. आम्ही टाकलं. दिवा लागला, ही जवळ गेली, बाईच्या उशीवरच्या सुरकुत्या बघायला वाकली, आणि दिवा गेला. परत नाणं. परत तेच. तिसऱ्या वेळी एका आजींनी पर्स उघडून स्वतःचं नाणं टाकलं आणि आम्हाला हातानं "बघा, बघा" केलं. त्या रोजच्या असाव्यात. दिवा असेपर्यंत त्या आमच्याकडे बघत होत्या, कबरीकडे नाही.

सान पेद्रो इ सान इल्देफोन्सो पटकन उरकलं. बाहेरून गल्लीवर पूल टाकावा तशा त्याच्या आधाराच्या कमानी समोरच्या भिंतीला टेकल्यात, तेवढं लक्षात राहिलं. सान सिप्रियानोपाशी मात्र बसायला हवं. चर्च लहान, भिंतीत जुन्या कोरीव दगडांचे तुकडे कुठे कुठे बसवलेले, आणि समोर कठड्यापलीकडे दुएरो. नदी इथे रुंद, संथ, बेटांवर झाडं. हीच पुढे पोर्तुगालात शिरते, नाव बदलून दोउरो होते आणि पोर्तोला समुद्राला मिळते.

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही सांता मारिया ला नुएवाच्या दारात पोचलो. दार बंद. पाच वाजेपर्यंत सगळं गाव बंद, हे लेकीला माहीत होतं, पण तिच्या यादीला माहीत नव्हतं. मग जेवण. गावाची खासियत म्हणजे थामोराचा भात, त्यात डुकराचे कान, पाय, नाक सगळं असतं आणि लाल मिरचीपूड. मी मागवला, कान सोडून बाकीचा संपवला. हिनं लसूण आणि लाल मिरचीच्या तेलातला बाकालाव, म्हणजे कॉड मासा, घेतला. आधी एका टपरीवजा जागी तिला शिंपले मिळाले होते, त्यांना इथे तिबेरियोस म्हणतात. "शिणाणेच की हे," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर घरचं जेवल्यासारखा भाव आला. नारळ घातला असता तर बरं झालं असतं, हेही म्हणालीच.

संध्याकाळी ला नुएवा उघडलं. नुएवा म्हणजे नवं, पण तेही बाराव्या शतकातलं. नवं का, त्याची गोष्ट ट्राउट माशाची. ११५८, बाजारात एक चांगला ट्राउट उरलेला. एका चांभाराच्या पोरानं तो घेतला, तेवढ्यात एका सरदाराचा कारभारी आला आणि म्हणाला मासा मला हवा, सरदाराचा हक्क आधी. पोरगा हटेना. शब्दाला शब्द, मारामारी, धरपकड. सरदार मंडळी लोकांना काय शिक्षा करायची ते ठरवायला या चर्चमध्ये जमली, आणि लोकांनी बाहेरून दारं अडवून चर्च पेटवून दिलं, सरदारांसकट. मग सगळं गाव पोर्तुगालच्या वाटेला लागलं आणि राजाला निरोप धाडला: माफ कर, नाहीतर आम्ही त्या दुसऱ्या राजाची रयत होतो. राजाला माफ करावं लागलं. अट एक, चर्च पुन्हा बांधून द्यायचं.

म्हणजे तहानंतर पंधराच वर्षांत शेजारच्या नव्या राज्याचा थामोराच्या लोकांनी असा उपयोग केला. भिंतीच्या जुन्या भागाकडे बघत मी आगीच्या खुणा शोधत होतो. शोधल्या की सापडतात, म्हणून थांबलो.

शेवटी मुख्य चौकातलं सान हुआन. त्याची चाकासारखी गोल खिडकी हे गावाचं चिन्हच झालंय, दुकानांच्या पिशव्यांवरही तीच. मनोऱ्यावर चिलखत घातलेला एक वारादर्शक माणूस फिरतो, त्याला लोक पेरोमातो म्हणतात. चौकात दोन मुखवटेधारी माणसांचा पुतळा आहे, एकाच्या हाती तुतारी, एकाकडे ढोल. गुड फ्रायडेच्या पहाटे हे लोक गल्ल्यांतून फिरून मिरवणुकीवाल्यांना उठवतात आणि पहाटे पाचला सान हुआनमधून मिरवणूक निघते. लेक गेल्या वर्षी आली होती. मिरवणूक मध्ये थांबते आणि सगळे जण लसणीचं गरम सूप पितात म्हणाली. वारीत वाटेवर जसा चहा-पोह्यांचा टेम्पो उभा असतो तसाच, फक्त इथे तोंडावरचे बुरखे काढून.

चौथा दिवस, शुक्रवार

आज गावाबाहेर, टॅक्सीनं साधारण वीस किलोमीटरवर, सान पेद्रो दे ला नावे.

हे थामोराच्या सगळ्या चर्चच्या आधीचं, सातव्या शतकातलं, रोमनांनंतर स्पेनवर राज्य करणाऱ्या विसिगोथ राजांच्या काळातलं. नावे म्हणजे नाव, होडी! लॅटिन नाविस आणि आपली संस्कृत नौ सख्ख्या बहिणी. एस्ला नदीच्या काठी हे चर्च होतं, तिथून यात्रेकरूंना पलीकडे नेणारी नाव होती, म्हणून नावेचा सेंट पीटर. मी हे ड्रायव्हरला लेकीकरवी सांगितलं की आमच्याकडेही हाच शब्द आहे. तो म्हणाला, "मग उच्चार तुम्ही नीट करता, शेवटचा ए तेवढा विसरता."

१९३०च्या सुमाराला रिकोबायोला धरण झालं, एस्लाचं पाणी चढणार म्हटल्यावर चर्च बुडणार. १९१२मध्येच त्याला राष्ट्रीय स्मारक केलेलं होतं. मग १९३० ते १९३२ या काळात एकेक दगड सुटा करून, क्रमांक घालून, ते एल काम्पियो नावाच्या खेड्यात वर आणून पुन्हा उभं केलं. बांधकाम खात्यातल्या माणसाला हे ऐकून गहिवरून येतं. आमच्या उजनीत पळसदेवचं देऊळ गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर येतं आणि लोक होडीनं दर्शनाला जातात. दोन धरणं, दोन देवळं. इकडे नाव गेली आणि देऊळ राहिलं, तिकडे देवळाला जायला नाव लागते.

आत शिरलं की थंडगार, अंधारं, ठेंगणं. घोड्याच्या नालेसारख्या कमानी, अरब येण्याआधीच्या. आणि दोन खांबांची शीर्षं, एवढ्यासाठीच आलो होतो. एकावर बायबलमधला, सिंहांच्या गुहेत टाकलेला दानियल. हात वर केलेले, आणि दोन्हीकडून सिंह त्याचे पाय चाटताहेत, डोकी खाली घालून, मांजरं वाटीतलं दूध पितात तसे. शिल्पकारानं सिंह कधी पाहिला नसावा. दुसऱ्यावर देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम. त्यानं मुलाचे केस धरलेत, सुरी उगारलीय, आणि वरून ढगातून नुसता एक हात बाहेर आलाय. देवाचा चेहरा नाही, काही नाही. थांब म्हणणारा पंजा. खडबडीत काम आहे, माणसांची डोकी मोठी, पाय लहान, पण कालच्या सगळ्या सुबक पानांपेक्षा मला हा पंजा जास्त भिडला. लेकीला नाही भिडला. तिच्या मते पानंच चांगली. टॅक्सीत परत येईपर्यंत वाद चालला.

संध्याकाळी काहीच केलं नाही. नदीकाठच्या जुन्या पाणचक्क्यांपाशी बसलो. मनोऱ्यांवर करकोच्यांची टोपलीएवढी घरटी, त्यांत पिल्लं. एक करकोचा उतरला की दुसरा मान मागे टाकून चोच वाजवतो, टाळ वाजवावेत तशी, आणि मग पलीकडच्या मनोऱ्यावरून तिसरा उत्तर देतो.

पाचवा दिवस, शनिवार

गाडी दुपारची. सकाळी सामान बांधून ठेवलं आणि कॅथेड्रलच्या खाली नदीकडे उतरलो, ओलिवारेस मोहल्ल्यात.

वाटेत एका चर्चच्या दारात लग्न लागून नवरानवरी बाहेर येत होते. पाव्हण्यांनी हातातल्या पुड्या फोडल्या आणि त्यांच्या डोक्यावर मूठ मूठ तांदूळ! पांढरे, बिनहळदीचे. हिनं आपोआप हात जोडले. एका काकूंनी तिच्या हातात पुडी दिली, मग तिनंही टाकले.

सान क्लाउदियो दे ओलिवारेस गावातल्या जुन्या चर्चांपैकी एक, नदीपाशी, रस्त्याच्या पातळीपासून जरा खाली गेल्यासारखं. पवित्र सप्ताहातल्या बुधवारी मध्यरात्री इथून तपकिरी घोंगड्यांची मिरवणूक निघते. आलिस्ते भागातले मेंढपाळ वापरत तशी जाड लोकरीची घोंगडी, हातात कंदील, आणि कुणी बोलायचं नाही. लेक म्हणाली, हजारो लोक असतात आणि पायांचा आवाज ऐकू येतो.

दारावरच्या कमानीत वर्षाचे बारा महिने कोरलेत, त्या त्या महिन्याच्या कामासकट. म्हणजे शेतकऱ्याचं पंचांगच. दगड मऊ, दार उत्तरेला, आणि आठशे-नऊशे वर्षांचा पाऊस. आता माणसांचे नुसते आकार उरलेत, काहींचे हात, काहींचे गुडघे. तिथे उभं राहून आम्ही तिघं महिने ओळखायला लागलो. लेकीनं मोबाईल काढला, मी म्हटलं, ठेव तो.

एक जण झाडाशी काहीतरी करतोय, छाटणी असावी. एकाच्या हातात काहीतरी वाकडं. विळा, मी म्हटलं. ही म्हणाली, विळा कसा, कोयता असेल, द्राक्षं तोडतोय. पुढच्यानं दोन्ही हात डोक्यावर उचललेत.

"झोडपणी," ही म्हणाली. "आमच्याकडे भात असंच झोडपतात."

"लाकूड फोडतोय तो. थंडीचा महिना आहे."

"अहो, थंडीच्या आधी कापणी नको का यायला? मोजा ना, इकडून कितवा आहे."

मोजायला लागलो तर सुरुवात कुठल्या टोकाकडून धरायची तेच ठरेना. लेकीनं घड्याळ दाखवलं, गाडीला पंचावन्न मिनिटं होती आणि वर चढण. कॅथेड्रलपर्यंत चढलो, चौक ओलांडला, सामान घेतलं, स्टेशनच्या त्या राजवाड्यात शिरलो. गाडी सुटून गव्हाची शेतं लागली तेव्हा ही खिडकीकडे बघत म्हणाली, "झोडपणीच होती ती."